दोन जिने चढून केलेलं मृत्युपत्र

पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढं येईल. वकीलबाईंचं नाव मात्र लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "काकू, वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. तुमच्या कौतुकापायी माझी सनद धोक्यात यायची." ऑफिस कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर आहे, खाली साड्यांचं दुकान, वर दोन जिने. लिफ्ट नाही. माझे गुडघे ६२ वर्षांचे आहेत, म्हणून जिन्यांचं आधीच सांगून टाकलं.

मी जुळे सोलापुरात राहते. घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं आमची कडक भाकरी होते. १८ वर्षं झाली धंद्याला. सहा बाया कामाला आहेत. सून हिशेब आणि ऑर्डरी बघते, पीठ आणि तवे माझ्याकडं. शेंगाची चटणीही करतो, पण लोक ओळखतात ते भाकरीनं.

मृत्युपत्र करायचं हे माझ्या डोक्यात घातलं आमच्या ह्यांनी, स्वतःचं न करून. हे २०१९ साली गेले. घर त्यांच्या नावावर होतं आणि मी समजत होते, नवऱ्याचं घर म्हणजे आता बायकोचं. तसं नसतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. सासूबाई तेव्हा होत्या. म्हणजे घराचे चार वाटे झाले, त्यातला एक त्यांचा. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्या आमच्यातच जेवत होत्या, त्यांचा वाटा कुठं जातोय?

२०२१ ला सासूबाई गेल्या आणि वाटा निघाला की चालायला. त्यांचा चौथा हिस्सा त्यांच्या लेकरांत गेला: एक वाटा दिरांना, एक नणंदबाईंना आणि एक माझ्या दोन मुलांना, त्यांचा बाप आधीच गेलेला म्हणून. दीर बाराव्या हिश्श्याचे मालक, नणंदबाईही बाराव्या. माझ्या स्वैपाकघराच्या ओट्याएवढी जागा नणंदबाईंची झाली असं समजा. दिरांनी हक्कसोड पत्रावर सही करायला एका फोनवर होकार दिला. नणंदबाईंना चौदा महिने लागले. शेवटी सासूबाईंची बोरमाळ त्यांच्या गळ्यात गेली आणि दुसऱ्या आठवड्यात त्या सहीला हजर. बाई वाईट नाही हो. तिचं म्हणणं एवढंच होतं की आईचं काहीतरी मला पाहिजे, आणि ते विचारायची संधी तिला आम्ही कुणी दिलीच नव्हती. पुढं दोन्ही मुलांनीही आपापला वाटा माझ्या नावे सोडला आणि घर एकटीचं झालं.

आपल्यामागं असं नको म्हणून पहिल्यांदा मी स्वस्तात जायला निघाले होते. ओळखीतल्या एकानं टायपिंग करून देणारा माणूस सुचवला. १५०० रुपयांत, पाचशेच्या बाँडवर, नोटरीच्या शिक्क्यासकट. तयार नमुना त्याच्याकडं होताच. घरी आणून चष्मा लावून वाचलं, तर तिसऱ्या कलमात मी माझी सर्व स्थावर मिळकत "माझी प्रिय पत्नी हिस" देऊन बसले होते. सून इतकी हसली की शेडमधल्या बाया बघायला आल्या. त्या कागदात शेंगाची चटणी बांधायला घेतली मी, खोटं नाही सांगत.

मग भाकरी नेणाऱ्या एका शिक्षिकेनं या वकीलबाईंचा पत्ता दिला.

पहिल्या भेटीचे ५०० रुपये घेतात. त्या दिवशी बाईंनी एक ओळसुद्धा लिहिली नाही. मला वाटलं पैसे वाया गेले. बाँडचं सांगितलं तर म्हणाल्या, मृत्युपत्राला स्टँप लागतच नाही, शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलं तरी चालतं. नोटरीचीही सक्ती नाही. १९२५ चा भारतीय वारसा कायदा एवढंच मागतो की करणारा शुद्धीत असावा, त्यानं सही किंवा अंगठा करावा, आणि निदान दोन साक्षीदारांनी ते बघून त्याच्यासमोर सह्या कराव्यात. "मग तुमच्याकडं कशाला आले मी?" असं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "लिहायला येऊ नका. लिहिण्याआधी भांडायला या."

आणि भांडण झालं, पण ते नंतर.

आधी कागद. मी अभिमानानं महापालिकेच्या टॅक्सच्या पावत्या नेल्या होत्या, सगळ्या वर्षांच्या, रबर लावून. बाईंनी त्या न उघडता बाजूला ठेवल्या. टॅक्स कुणीही भरू शकतं, त्यानं मालक होत नाही. त्यांना हवं होतं मालमत्ता पत्रक (म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा), नोंदलेली हक्कसोड पत्रं, शेतीचा सातबारा आणि फेरफार. त्या रात्री मी ट्रंक उपसली. सिटी सर्व्हेचा उतारा नव्यानं काढला आणि माझं एकटीचं नाव डोळ्यांनी बघितलं तेव्हा बरं वाटलं. जे आपलं नाही ते मृत्युपत्रानं देता येत नाही, हे ऐकायला सोपं आहे. पण आमच्या गल्लीत निम्मी घरं अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर आहेत आणि ती माणसं खुशाल वाटण्या ठरवत बसलेली असतात.

दुसऱ्या भेटीत मी माझा बेत सांगितला. घर मुलाला आणि मुलीला अर्धंअर्धं. धंदा सुनेला.

"धंदा म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

धंदा म्हणजे धंदा की. तवे, पीठ मळायचं मशीन, पॅकिंगचं सीलर, वजनकाटा, गिऱ्हाईकांची वही, नाव.

"आणि हे सगळं ठेवलंय कुठं?"

शेडमध्ये.

"शेड कुणाच्या जागेत?"

तिथं मी गप्प झाले. शेड घराच्या जागेत. घर दोघा भावंडांचं होणार. म्हणजे तवे सुनेचे आणि तव्याखालची जमीन नणंदेची. आमच्या घरात नणंद-भावजयीचा वाद जागेवरून आधी होऊन गेलेला, आणि मी स्वतःच्या हातानं त्याची पुढची पिढी लावून देत होते. अठरा वर्षं मी त्या शेडमध्ये रोज उभी राहते, पण हे मला दिसलं नव्हतं. बाईंनी ते एक चहा संपायच्या आत काढलं. मग असा तोडगा निघाला की घर दोघांचंच राहील, पण शेड, मागचा दरवाजा, पाण्याची टाकी आणि शेडचा वेगळा लाइट मीटर वापरायचा हक्क सुनेला दहा वर्षं, बिनभाड्याचा. टाकीचं मी आग्रहानं लिहायला लावलं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, टाकी नसेल तर भाकरीचं पीठ कशात मळणार? शेडचा हातानं काढलेला नकाशाही जोडलाय.

आता भांडण.

मी म्हटलं, सुनेचं नाव स्पष्ट लिहा. मुलाला नाही द्यायचं, तो नोकरी करतो, त्याला तवा कुठून धरायचा ते माहीत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "लिहायलाच पाहिजे, कारण मुलगा हयात असताना सून कायद्यानं तुमची वारस नाही. न लिहिता गेलात तर तिच्या हातात एक तवासुद्धा येणार नाही. पण काकू, उद्या त्या दोघांचं पटलं नाही, सोडचिठ्ठी झाली, तर?"

मी पर्स उचलली. माझ्या तोंडावर माझ्या लेकराचा संसार मोडायला निघालेली ही कोण? असं वाटलं, आणि तसं बोललेही. बाई शांत. "घरात तुम्हाला हे कुणी विचारणार नाही म्हणून मी विचारते. तुम्ही सुनेला देताय, की या मुलीला देताय? दोन्हीचं उत्तर एक नाही. ठरवून या, मग लिहू."

तीन दिवस मी सुनेशी नीट बोलले नाही. तिला वाटलं, माझं काही दुखतंय. संक्रांत तोंडावर होती. भोगीच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीची ऑर्डर अंगावर, त्यात गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे कडक भाकरी बांधून नेतात ते वेगळं. पहाटे पाचला शेडमध्ये गेले तर ही आधीच तिथं. आमच्याकडं भाकरी वाळली की नाही हे बाकीच्या बाया बोटानं दाबून बघतात. ही तुकडा मोडून कानाशी धरते. आवाज पटला नाही तर पूर्ण थप्पी परत मंद आचेवर. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. मलाच ते येत नाही.

चौथ्या दिवशी फोन केला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. म्हटलं, "या मुलीला."

आता मृत्युपत्रात असं आहे की व्यवसाय "माझ्या मुलाची पत्नी या नात्याने नव्हे, तर तिने स्वतः केलेल्या कामाबद्दल" तिला द्यावा. पुढं तिचं माहेरचं आणि सासरचं पूर्ण नाव, जन्मतारीख. हे वाक्य बाईंचं आहे. पाचातले दोन तारे या एका वाक्याचे समजा.

मुलाला संध्याकाळी सांगितलं. आधी म्हणाला, "आई, एवढ्यात कशाला करूलालीस हे सगळं?" मग म्हणाला, "तिलाच दे, मला कोण विचारतंय तिथं." जेवताना जरा गप्प होता. दुसऱ्या दिवशी शेडचा मीटर सुनेच्या नावावर होतो का याची चौकशी करून आला, तेव्हा मी सुटले.

धंद्याचं एक काम मात्र मृत्युपत्रानं भागत नाही. फूड लायसन्स माझ्या नावावर आहे. लायसन्सवाला गेला तर घरच्यांना त्यावर ९० दिवस काम चालवता येतं, तेवढ्यात पुढची सोय करायची. बाईंचा सल्ला असा की त्यापेक्षा आत्ताच सुनेबरोबर भागीदारी करा. ते अजून राहिलंय. उन्हाळ्याआधी करू.

शेतीचं सांगते. माझ्या माहेरी मंगळवेढ्याकडं साडेचार एकर आहे, वडिलांच्या मागं भावाचं आणि माझं नाव सातबाऱ्यावर सामाईक लागलं. मी त्यातला दाणा मागितला नाही, पण भाऊ दरसाल मालदांडीची दोन पोती पाठवतो आणि ती ज्वारी मी धंद्यात घालत नाही, घरी खायला ठेवते. माझ्या मनात होतं, भावाचं भावालाच राहील आपोआप. बाई म्हणाल्या, आपोआप काहीच राहात नाही. तुम्हाला मुलं आहेत, म्हणजे न लिहिता गेलात तर माहेरचा हिस्सा तुमच्या मुलांकडं येणार. माझ्या मुलांना त्या रानाचा बांध कुठून कुठं जातो ते माहीत नाही, आणि भावाला सत्तरीत भाच्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागलं असतं. म्हणून माझ्या मागं तो हिस्सा भावाला.

"भाऊ तुमच्यापेक्षा मोठे ना?" लगेच पुढचा प्रश्न. "ते आधी गेले तर?" ज्याला द्यायचं तोच आधी गेला तर ते देणं सहसा रद्द होतं, आणि वस्तू परत सगळ्या वारसांच्या ढिगात येते. मग "भाऊ हयात नसल्यास त्याच्या मुलास" अशी ओळ आली. अशी "हयात नसल्यास" ची ओळ आता प्रत्येक कलमाला आहे. वाचताना जीव दडपतो. सगळ्यांना आळीपाळीनं मारून बघावं लागतं.

मुलांना रानाचं सांगितलं. मुलगी बरं म्हणाली. मुलगा विचार करून म्हणाला, "ज्वारी यायची बंद होईल का?"

बँकेतल्या ठेवींवर नॉमिनी मुलगा एकटा होता. मी समजत होते नॉमिनी म्हणजे मालक, आणि मला वाटतं आमच्या अख्ख्या भिशीत तेच समजतात. ठेवींचा नॉमिनी पैसे घेतो, पण वारसांसाठी सांभाळायला. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, असं बाई म्हणाल्या. माझ्याकडं शेअर्स नाहीत, पण जावयानं हे दोनदा विचारून घेतलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहून. मी दोन्ही मुलं निम्मी-निम्मी लावून आले. बँकेतला कागद आणि मृत्युपत्र एकच बोललं म्हणजे झालं.

आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यांचं मत वेगळं होतं. ते म्हणतात, मृत्युपत्र कशाला, राहतं घर मुलांना बक्षीसपत्रानं देऊन टाका, मुद्रांक शुल्क २०० रुपये. ते खरं आहे, महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला दिली तर शुल्क तेवढंच, बाकीचा खर्च वेगळा. पण बक्षीस दिलं की घर आजच गेलं. मृत्युपत्र मी कितीदाही बदलू शकते, बक्षीसपत्र नाही. सांभाळ करायच्या अटीवर दिलेलं बक्षीस २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी आपल्याच पोरांविरुद्ध अर्ज घेऊन उभं राहायचं. मला ते जमणार नाही. मी मरेपर्यंत माझ्या घराची मालकीण राहणार.

आता कापलेला तारा.

पहिला मसुदा आला तो कोर्टाच्या मराठीत. "सदरहू मिळकत", "निर्वेध व निजोखमी", "कब्जेवहिवाटीत". एकेक वाक्य पाऊण पानाचं. मी सातवी-आठवीच्या पोरांसारखी बोट ठेवून वाचत होते, आणि बरं झालं वाचलं. घराच्या चतुःसीमेत पूर्वेस रस्ता लिहिला होता. आमचा रस्ता पश्चिमेला आहे! उन्हाळ्यात दुपारी चार वाजता आमच्या पुढच्या दाराला हात लावून बघा, पश्चिम कुठं ते लगेच कळतं. ही चूक बाईंच्या हाताखालच्या मुलानं केली होती, पण सही माझी होणार होती. बाईंनी मान्य केलं, वाक्यंही सोपी करून दिली, मात्र दुरुस्त कागद हातात यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत फोन उचलायचा नाही, मेसेजला निळी खूण दिसते पण उत्तर नाही. कोर्टात असतात मान्य, पण संध्याकाळी सातनंतर कोर्ट नसतं. तारा तिथं गेला. तुम्ही गेलात तर मसुदा घरी आणा, मोठ्यानं वाचा, आणि दिशा स्वतः दारात उभं राहून तपासा.

साक्षीदारांसाठी मी दोन नावं ठरवून नेली होती: कोपऱ्यावरचे किराणावाले अण्णा, आणि शेजारचे निवृत्त गुरुजी. दोघंही मला तीस वर्षं ओळखतात. बाईंनी वय विचारलं. अण्णा ७४, गुरुजी ७१. म्हणाल्या, "मृत्युपत्राचा वाद तुम्ही गेल्यावर होणार. तेव्हा कोर्टात उभं राहून 'होय, माझ्यासमोर सही केली' असं सांगायला निदान एक साक्षीदार लागतो. तरुण माणूस आणा. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला आणू नका, उगाच संशयाला जागा." शेवटी आमचे दवाखान्याचे डॉक्टर, वय ४०, आणि भाकरी नेणाऱ्या त्या शिक्षिकाबाई. डॉक्टरांनी त्याच दिवशी मी शुद्धीत असल्याचा दाखलाही दिला. तो सक्तीचा नाही, पण साठीच्या पुढं असावा म्हणाल्या. अण्णा जरा रुसले आहेत. त्यांना मी मरायच्या आधी तुम्ही मराल असं तोंडावर कसं सांगू?

नोंदणीचीही सक्ती नाही. मला ती करायची होती, कारण नोंदलेल्या कागदाला सहजासहजी कुणी खोटं म्हणत नाही. शिवाय मला भीती होती की सरकारी दप्तरात गेलं म्हणजे कुणीही जाऊन बघेल. तसं नाही. मृत्युपत्रं वेगळ्या पुस्तकात नोंदतात, पुस्तक क्रमांक ३, आणि मी जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल माझ्याशिवाय किंवा मी नेमलेल्या माणसाशिवाय कुणाला देत नाहीत. फी १०० रुपये, वर पानामागं ४० रुपये. आजारी माणसासाठी गृहभेटीची सोय असते, साहेब घरी येतात. माझी शेजारीण विचारत होती म्हणून लिहिलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आम्ही निबंधक कार्यालयात गेलो. टोकन घेतलं, फोटो निघाला, साक्षीदारांची ओळख पटली. मग मशीनवर अंगठा.

"ठेवा काकू." ठेवला. लाल दिवा.

"दाबून ठेवा." लाल.

"पुसून ठेवा." लाल.

तो मुलगा माझा हात उलटा करून बघायला लागला. मलाही पहिल्यांदाच दिसलं. अंगठ्याच्या पेरावर रेषाच नाहीत, काचेसारखं गुळगुळीत. भाकरी तव्यावर फुगली की तिची कड अंगठ्यानं फिरवायची, आणि वाळताना तोच अंगठा दाबून चपटी करायची. दिवसाला दोनशे धरा, अठरा वर्षं. रेशनच्या दुकानातही हेच होतं, पण तिथं मी मशीनला नावं ठेवायचे. मागं रांग थांबलेली. डॉक्टरांचा दवाखाना पाचला उघडायचा होता, ते घड्याळ बघत होते. वकीलबाई उठल्या, पिशवीतून रुमाल काढून बाटलीच्या पाण्यानं ओला केला, माझा अंगठा लहान मुलाचा पुसावा तसा पुसला, मग स्वतःच्या तळहाताच्या ऊबेत दाबून धरला. मिनिटभर तरी. सगळ्यांसमोर. फोन न उचलणारी बाई ती हीच.

सातव्या वेळी हिरवा दिवा लागला. रांगेतलं कुणीतरी टाळी वाजवली.

सगळं मिळून फी ७००० रुपये घेतली, नोंदणीला बरोबर येण्यासकट, पहिल्या दिवशीचे ५०० त्यातच धरून. कुणाला जास्त वाटेल. माझ्या हिशेबात नणंदबाईंच्या सहीसाठी केलेल्या पुण्याच्या फेऱ्यांचं भाडं यापेक्षा जास्त झालं होतं.

मूळ कागद कुठं ठेवायचा हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं बँकेच्या लॉकरमध्ये. म्हणाल्या, लॉकर एकटीच्या नावावर आहे ना, मग तुम्ही गेल्यावर तो उघडायलाच कागद मागतील, आणि कागद आत. आता मूळ प्रत घरात आहे, कुठं ते मुलीला माहीत. एक्झिक्युटर, म्हणजे माझ्या मागं मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी, तीच आहे. राहायला पुण्यात, पण आमच्या घरात कागद शेवटपर्यंत वाचणारं माणूस ती एकटीच. आजारपणात नळ्या लावायच्या की नाहीत ते यात घालता येईल का असं मी विचारलं होतं. मृत्युपत्र उघडतंच माणूस गेल्यावर, त्यामुळं त्याला वेगळा कागद लागतो, तो नंतर करू म्हणाल्या.

दागिने एकेक करून लिहिलेत, वजनासकट: पाटल्या मुलीला, तोडे सुनेला, नथ नातीला. बोरमाळेवरून धडा घेतलेला आहे.

भेट संध्याकाळी पाचनंतरची घ्या, सकाळी त्या भेटत नाहीत. जाताना उतारे घेऊन जा, टॅक्सच्या पावत्या घरी ठेवा. आणि राग आला तर येऊ द्या, त्यांना सवय आहे.

परवा नणंदबाईंचा फोन आला होता. भाकरी किती पाठवू विचारलं, तर म्हणाल्या, भाकरी राहू दे, त्या वकीलबाईंचा पत्ता दे. पत्ता दिला. जिन्यांचं सांगितलं नाही.